मूल वर्गात मागं पडतंय? विशेष शिक्षकाची मदत मागा, पण कागदावर मागा

आंजर्ले (ता. दापोली) : दिव्यांग प्रमाणपत्र कशासाठी काढायचं, असं वाडीत कुणालाही विचारा. एसटीची ७५ टक्के सवलत आणि निराधारचे पैसे, ही दोन उत्तरं लगेच मिळतील. त्याच मुलाला शाळेतही काही मिळायला हवं, हे मात्र फार थोडे पालक सांगतात. तपासणी, विशेष शिक्षक, वेगळ्या पद्धतीनं शिकवणं, परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, श्रवणयंत्र, घरून शाळेत न्यायला-आणायला भत्ता, हे सगळं शाळेतर्फे मिळतं. ते मागितल्याशिवाय हातात पडत नाही, आणि नुसतं तोंडी मागितलं तर बहुतेक वेळा विसरलं जातं. म्हणून हा लेख.

बातमीसाठी गावोगाव फिरताना मला शाळेत साधारण तीन तऱ्हेची मुलं दिसतात. एक, ज्यांचं अपंगत्व डोळ्यांना दिसतं. पायात बळ नाही, बापाच्या खांद्यावरून पाखाडी उतरून शाळेत येतात. दुसरी, ज्यांना कमी ऐकू येतं किंवा कमी दिसतं आणि तरीही ती मागच्या बाकावर बसलेली असतात, कारण कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं. तिसरी तऱ्हा सगळ्यात अवघड. दिसायला धडधाकट, बोलायला हुशार, पण वाचायला पुस्तक दिलं की घामाघूम.

आमच्याजवळच्या एका वाडीत असा एक मुलगा आहे. भरती-ओहोटी कधी, आज पाणी किती चढेल, हे तो पोर मोठ्या माणसासारखं सांगतो. जाळ्याची दुरुस्ती करतो, मोबाईल उघडून जोडतो. पाचवीत असताना त्याला फळ्यावरचं एक वाक्य वहीत उतरवायला अर्धा तास लागायचा, आणि त्यातही काना-मात्रा उलट्यासुलट्या. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की हा 'ढ' आहे. वडील म्हणायचे, "आठवीपर्यंत ढकलू, मग होडीवर जाईल." होडीवर जाणं वाईट नाही, आमची निम्मी खाडी त्यावर जगते. पण ते त्या पोरानं ठरवलेलं नव्हतं, त्याच्या न येणाऱ्या वाचनानं ठरवलं होतं.

या अडचणीला अध्ययन अक्षमता म्हणतात. २००७ साली आमिर खानचा 'तारे जमीं पर' आला, पाचगणीच्या शाळेत त्याचं शूटिंग झालं, तो बहुतेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. त्यातल्या ईशानला जे होतं तेच हे. बुद्धी कमी नसते. अक्षरं, स्पेलिंग किंवा आकडे ओळखण्याची मेंदूची रीत वेगळी असते. मार देऊन किंवा शिकवणी लावून ती बदलत नाही, पण वेगळ्या पद्धतीनं शिकवलं तर मूल पुढं जातं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी अशा मुलांची तपासणी कितीतरी वर्षांपासून होते, आणि त्यांना परीक्षेत सवलत देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं १९९६ मध्येच घेतला होता. म्हणजे जवळपास तीस वर्षं झाली. आमच्या किनाऱ्यावर ती माहिती अजून नीट पोचलेली नाही, हे माझं मत आहे आणि ते मी बघून सांगतोय.

कायदा थोडक्यात

दोन कायदे लक्षात ठेवा. पहिला शिक्षण हक्क कायदा २००९, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. दुसरा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. जुन्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता (ज्याला आपण ऑटिझम म्हणतो), सिकलसेल, थॅलेसेमिया, बोलण्यातला दोष हे सगळे त्यात आले.

२०१६ च्या कायद्याचं कलम १६ पालकांनी वाचून ठेवावं. सरकारी असो, अनुदानित असो किंवा फक्त मान्यता असलेली असो, शाळेनं मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इतर मुलांबरोबर शिकवायचं, त्याच्या गरजेप्रमाणे सोय करायची, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची, आणि प्रत्येक दिव्यांग मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचं. म्हणजे मूल मागं का पडतंय हे शोधणं शाळेचंही काम आहे, एकट्या आईबापाचं नाही. कलम १७ मध्ये साधनं, पुस्तकं, परीक्षेतले बदल, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी येतात. कलम ३१ सांगतं की ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, आणि तेही जवळच्या साध्या शाळेत की विशेष शाळेत हे निवडण्याचा हक्क.

इथं एक गैरसमज फार पसरलाय. "प्रमाणपत्र आणा, मग बघू" असं बऱ्याच पालकांना सांगितलं जातं. प्रमाणपत्र महत्त्वाचं आहेच, त्याबद्दल पुढं लिहितो. पण कलम १६ मधली शाळेची जबाबदारी ४० टक्क्यांवर अडलेली नाही. पुढच्या बाकावर बसवणं, फळ्यावरचं वाचून दाखवणं, लेखी उत्तराऐवजी तोंडी उत्तर घेणं, अभ्यास कमी कमी करून देणं, विशेष शिक्षकांना बोलावून मुलाला दाखवणं, याला कुठलंही कार्ड लागत नाही. उद्यापासून सुरू करता येतं.

विशेष शिक्षक असतो तरी कुठे?

समग्र शिक्षा ही योजना २०१८ पासून आहे. तिच्यात समावेशित शिक्षण नावाचा भाग आहे. त्याची माणसं पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात असतात, ज्याला शिक्षक मंडळी बीआरसी म्हणतात. आपल्याला ते दापोलीत. विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात, मुलाला तपासतात, वर्गशिक्षकाला कसं शिकवायचं ते दाखवतात. ज्या मुलाला शाळेत येणंच शक्य नाही, त्याच्या घरी जाऊन शिकवायचं कामही त्यांच्याकडे असतं.

माणसं कमी आहेत, हे खरं. सर्वोच्च न्यायालयानं 'रजनीशकुमार पांडे विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सांगितलं की प्राथमिकला अशा दर १० मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. राज्यांनी टाळाटाळ केली म्हणून ७ मार्च २०२५ ला न्यायालयानं पुन्हा फटकारलं आणि पदं जाहीर करायला तारीख घालून दिली. त्याआधी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं केंद्रशाळेच्या पातळीवर विशेष शिक्षकांची ४८६० पदं मंजूर केली होती. एका केंद्राखाली किती वाड्यांच्या शाळा येतात ते आपल्याला माहीत आहे. त्या सगळ्यांना मिळून एक माणूस. त्यात पावसाळा, दरड, एसटी वेळेवर नाही.

म्हणून मुख्याध्यापकांना विचारायचा पहिला प्रश्न साधा आहे : आपल्या शाळेत विशेष शिक्षक कोणत्या दिवशी येतात? तारीख समजली की त्या दिवशी स्वतः शाळेत जा. आईनं गेलं तर जास्त बरं, कारण मुलाचं खाणं, झोप, बोलणं, पडणं-झडणं सगळं तिलाच ठाऊक असतं. बाबा बहुतेक वेळा बागेत नाहीतर मुंबईत.

निसर्ग वादळ आठवा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आंजर्ले, मुर्डी, पाडले, केळशी, आगरं कशी आडवी झाली ते नव्यानं सांगायला नको. नंतर काय झालं ते आठवा. नुकसान सगळ्यांचं झालं होतं, पण ज्याच्या माडांचा आणि पोफळींचा पंचनामा कागदावर नीट आला त्याला भरपाई मिळाली. ज्यानं "तलाठी भाऊंना सांगितलंय" म्हणून सोडून दिलं, तो चकरा मारत राहिला.

शाळेतही हिशोब तोच आहे. तुम्ही गुरुजींना रस्त्यात भेटून सांगता, ते "हो हो, बघतो" म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. मग त्यांची बदली होते किंवा निवडणुकीचं काम लागतं. नवीन बाईंना तुमच्या मुलाबद्दल कागदावर काहीच सापडत नाही. वर्ष गेलं. मुलाच्या आयुष्यातलं एक वर्ष माडाच्या झाडासारखं पुन्हा लावता येत नाही.

तेव्हा अर्ज द्या. साधा, एका पानाचा, हातानं लिहिलेला चालतो. मजकूर असा ठेवा :

प्रति,
मा. मुख्याध्यापक, (शाळेचे नाव व गाव)

विषय : माझ्या पाल्यास विशेष शैक्षणिक मदत मिळणेबाबत.

महोदय / महोदया,
माझा मुलगा / मुलगी (नाव) आपल्या शाळेत इयत्ता (…) मध्ये शिकत आहे. त्याला / तिला पुढील अडचण येते : (इथे तुमच्या शब्दांत लिहा. उदा. फळ्यावरचे उतरवता येत नाही, अक्षरे उलटी लिहितो, हाक मारल्यावर ऐकू येत नाही, एका जागी बसत नाही.) ही अडचण मला अंदाजे (…) पासून दिसत आहे.
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ व १७ नुसार माझ्या पाल्याची विशेष शिक्षकांकडून तपासणी करून घ्यावी, तपासणीनंतर विशेष गरजा असलेला विद्यार्थी म्हणून यू-डायसमध्ये नोंद करावी, वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करून त्याची प्रत मला द्यावी, आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती १५ दिवसांत लेखी कळवावी, ही विनंती.

खाली तारीख, सही, मोबाईल नंबर. दोन प्रती काढा. एक शाळेत द्या, दुसऱ्यावर शाळेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. याला पोच म्हणतात. तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद रेशनकार्डाच्या पिशवीत.

अर्जात 'अडचण' लिहिताना 'अभ्यासात कच्चा आहे' एवढंच लिहू नका, त्याचा उपयोग होत नाही. काय येत नाही, कधीपासून, घरी काय दिसतं, ते लिहा. 'तिसरीपासून ब आणि व मध्ये गोंधळ', 'टीव्हीचा आवाज फार मोठा करतो', 'दोन आकडी वजाबाकी तोंडी येते, लिहून येत नाही' अशी चार वाक्यं असली की तपासणाऱ्याला दिशा मिळते.

वर मी यू-डायस म्हटलं ते काय? शाळा दरवर्षी प्रत्येक मुलाची माहिती सरकारच्या संगणकावर भरते, ती यू-डायस प्लस. तिथं तुमच्या मुलापुढं विशेष गरजेची नोंद नसेल तर सरकारच्या हिशोबात ते मूल त्या योजनेत नाहीच. समग्र शिक्षेत अशा एका मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद असते, त्यातून साधनं, पुस्तकं, उपचार असा खर्च होतो. मुलींना वेगळा प्रोत्साहन भत्ता आहे, महिना २०० रुपये, वर्षाचे १० महिने. शिवाय पात्र मुलांना मदतनीस आणि प्रवास भत्ता मिळू शकतो. पाखाडी चढून-उतरून मुलाला नेणाऱ्या आईनं हे नक्की विचारावं. पण हे सगळं नोंद असली तरच. म्हणून "नोंद झाली का, दाखवा" असं विचारायला लाजू नका.

वैयक्तिक आराखडा म्हणजे या मुलानं या वर्षात काय शिकायचं, कसं शिकवायचं, कोण शिकवणार, कधी तपासणार, हे लिहिलेला कागद. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून असा आराखडा पालकांना सोबत बसवून करावा लागतो. आपल्याकडेही विशेष शिक्षक तो करतात, पण पालकाला बहुतेक वेळा दाखवला जात नाही, कारण पालक मागत नाही. प्रत मागा. 'तीन महिन्यांत दहा जोडाक्षरं' असं काही त्यात असलं, तर तीन महिन्यांनी जाऊन विचारता येतं की झालं का.

शाळा अर्ज घेत नसेल तर

एका शाळेत अर्ज द्यायला एका आईबरोबर मी गेलो होतो. "ताई, असं लेखी कशाला? आपण घरचीच माणसं," असं उत्तर मिळालं. बोलणं गोड होतं, हेतूही वाईट नसेल. दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात पोषण आहार, ऑनलाईन माहिती, वरून रोज नवा निरोप, यात कुणीही कंटाळेल. तरीही अर्ज घ्यावाच लागतो. तिथंच नाही घेतला तर पोस्टातून स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा.

१५ दिवसांत काही हललं नाही, तर तोच अर्ज आणि पोचेची झेरॉक्स घेऊन केंद्रप्रमुखांकडे, मग दापोलीला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, त्यानंतर रत्नागिरीत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. पहिली ते आठवीच्या मुलासाठी शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ कामाला येतं. त्यात लेखी तक्रारीचा निकाल ३ महिन्यांत द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. दिव्यांगांच्या कायद्यासाठी पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. तालुक्यात विशेष शिक्षक किती, आपल्या शाळेला किती वेळा आले, हे माहिती अधिकारात १० रुपयांत विचारता येतं, ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं.

कायद्यात दंड आहे, पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत. पण पहिल्याच भेटीत दंडाची भाषा नको. गुरुजी रोज तुमच्या मुलासमोर उभे राहणार आहेत. त्यांच्याशी भांडून मिळवलेली सवलत मुलाला वर्गात महागात पडते. आधी गोडीत, पण लेखी.

आणखी एक जागा आहे, जी आपण फुकट घालवतो. शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात ७५ टक्के पालक असतात. २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं वंचित घटकात आली, आणि वंचित घटकातल्या पालकांना समितीत त्यांच्या प्रमाणात जागा द्यायची आहे. म्हणजे अशा मुलाची आई समितीवर बसू शकते. रॅम्प, रेलिंग, संडासाचा दरवाजा हे विषय तिथं आणि ग्रामसभेत मांडा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्याचा हिशोब ग्रामसभेत विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रमाणपत्राची धावपळ

स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी नाव नोंदवायचं, आधार लागतं. सीएससी सेंटरवाला करून देतो. मग बोलावतील त्या दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी. कार्डाला आता रंग आहेत : ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळं, ८० आणि वर निळं.

अध्ययन अक्षमतेचं काम थोडं वेगळं. हे प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांचं झाल्यावरच देतात, म्हणजे तिसरीच्या आसपास. मानसशास्त्रज्ञाकडून चाचण्या होतात, एका दिवसात संपत नाही. इथून रत्नागिरीला जाऊन येणं म्हणजे अख्खा दिवस आणि मजुरी बुडाली, हे मला कळतं. म्हणून जाण्याआधी फोन करून विचारा की चाचणी करणारे त्या दिवशी आहेत का. सोबत मुलाच्या दोन वर्षांच्या वह्या न्या, शाळेचं पत्र न्या. ज्यांचे नातेवाईक मुंबईत आहेत ते गणपतीत किंवा मे महिन्यात मुलाला घेऊन जातात आणि तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात चौकशी करतात. तोही रस्ता आहे, फक्त वेळ आधी घ्या. मुलांच्या प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली असते, ती बघून ठेवा.

लहान मुलांसाठी अजून सोपी सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. कानात, डोळ्यात, बोलण्यात काही वाटत असेल तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, पुढं पाठवायची चिठ्ठी तेच देतात. शिक्षकांसाठी एनसीईआरटीनं २०२२ मध्ये 'प्रशस्त' नावाचं ॲप काढलंय, त्यातली प्रश्नावली भरून वर्गातल्या मुलाची प्राथमिक छाननी करता येते. गुरुजींना विचारा, त्यांनी भरली का. श्रवणयंत्र, तीनचाकी, कुबड्या, ब्रेल साहित्य यासाठी कानपूरच्या एलिम्को कंपनीबरोबर शिबिरं होतात, त्याची तारीख विशेष शिक्षकांना माहीत असते.

त्या भरती-ओहोटीवाल्या पोराचं काय झालं, तर त्याच्या आईनं अर्ज दिला. विशेष शिक्षक दोन महिन्यांनी आले. त्यांनी त्याला मोठ्या अक्षरातले तक्ते दिले, वर्गात पुढं बसवायला सांगितलं, घटक चाचणी तोंडी घ्यायला सांगितली. तोंडी परीक्षेत परिसर अभ्यासात तो वर्गात दुसरा आला. वाचन अजून अडखळतच चाललंय. प्रमाणपत्राची एक फेरी झाली, दुसरी व्हायची आहे. वडील आता होडीचा विषय दहावीनंतर काढू म्हणतात.

दहावीच्या वर्षी उशीर नको

पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, नापास होऊन त्याच वर्गात बसावं लागू शकतं. त्यामुळे अशा मुलांची खरी कसोटी दहावीआधीच सुरू होते. परीक्षेतल्या सवलतींचा ऑक्टोबर २०१८ चा शासन निर्णय पहिलीपासून बारावीपर्यंतच्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आहे. अपंगत्वाच्या प्रकाराप्रमाणे त्यात जादा वेळ आहे (तासाला २० मिनिटं), लेखनिक आहे, काही मुलांना कॅल्क्युलेटर, काहींना भाषा किंवा गणितात सूट. लेखनिक खालच्या वर्गातला विद्यार्थी असावा लागतो, तो आयत्या वेळी सापडत नाही. नववीतला शांत, अक्षर चांगलं असलेला मुलगा आधीच बघून ठेवा, आणि सहामाहीला त्याच्याबरोबर सराव करून घ्या. लेखनिकाला सांगून लिहून घेणं हीसुद्धा एक शिकायची गोष्ट आहे.

बोर्डाच्या सवलतीला प्रमाणपत्र लागतंच, आणि प्रस्ताव शाळेमार्फत रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाकडे जातो. फेब्रुवारीत जाग येऊन उपयोग नाही. आपलं कोकण मंडळ दरवर्षी निकालात राज्यात पहिलं येतं, पेपरात फोटो येतात, आपल्याला बरं वाटतं. मला दरवर्षी प्रश्न पडतो की नववीतच शाळा सोडून गेलेली मुलं त्या टक्क्यात कुठं मोजली.

कागदाअभावी परीक्षा हुकणं आपल्या किनाऱ्याला नवं नाही. हर्णैपलीकडच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे लहानपणी परीक्षेसाठी चालत साताऱ्याला गेले होते. वयानं लहान दिसतोस, असं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे ते महर्षी आणि भारतरत्न झाले. सगळ्यांना तशी दुसरी संधी मिळत नाही.

साधी शाळा की विशेष शाळा?

हा प्रश्न पालक मला सगळ्यात जास्त विचारतात. मी डॉक्टर नाही, पण जे बघितलं ते सांगतो. ज्या मुलाला मदतीनं वाडीतल्या शाळेत शिकता येतं, त्यानं तिथंच शिकावं. भावंडं तिथं, मित्र तिथं. आपल्या लहान शाळांची पटसंख्या कमी म्हणून आपण रडतो, पण दहा-बारा मुलांच्या वर्गात गुरुजींना प्रत्येक मूल नावानिशी ठाऊक असतं, हा फायदा शहरातल्या साठ मुलांच्या वर्गात नाही.

पण पूर्ण ऐकू न येणाऱ्या मुलाला खुणांची भाषा, न दिसणाऱ्या मुलाला ब्रेल वेळेवर शिकवणारं कुणीतरी हवंच. दापोलीत कर्णबधिर विद्यालय आहे. मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती निवासी अंध विद्यालय आहे. रत्नागिरीत आविष्कार संस्था मतिमंद मुलांसाठी शाळा आणि कार्यशाळा चालवते. आधी जाऊन बघून या, एक दिवस मुलासोबत बसा, मग ठरवा. निवड पालकाची आहे. "आमच्याकडे जमणार नाही, विशेष शाळेत घाला" असं साध्या शाळेनं ठरवून टाकायचं नसतं. तसंच घरी राहून शिकण्याची सोयही फार तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलासाठी आहे आणि तीही पालकानं निवडायची. शाळेची अडचण कमी व्हावी म्हणून मुलाला घरी बसवणं त्यात बसत नाही.

मुंबईतल्या मिठू अलूर यांची गोष्ट यासाठी सांगतो. त्यांच्या मुलीला, मालिनीला, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हातपाय ताब्यात नाहीत, बोलणं समजायला कठीण. तेव्हा अशा मुलीला घेणारी शाळा मिळेना, म्हणून आईनं १९७२ मध्ये कुलाब्याला स्वतःच शाळा सुरू केली. नर्गिस दत्त यांनी त्या कामाला पाठिंबा दिला. मालिनी चिब पुढे झेवियर्स कॉलेजातून पदवीधर झाल्या, लंडनला जाऊन दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या, आणि हाताच्या एका करंगळीनं टाईप करून स्वतःचं पुस्तक लिहिलं. आपल्यातल्या प्रत्येक आईनं शाळा काढावी असं कुणी म्हणणार नाही. पन्नास वर्षांपूर्वी त्या आईकडे कायद्याचा कागद नव्हता, आज आपल्याकडे आहे, एवढाच फरक.

यंदाच्या कामाचं सांगायचं तर, अर्ज शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच द्या. तेव्हा यू-डायसची माहिती भरायची असते आणि विशेष शिक्षकांच्या भेटीही ठरायच्या असतात. मूल दहावीत असेल तर सवलतीच्या प्रस्तावाचं गणपतीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापकांशी बोलून घ्या, दिवाळीच्या आसपास बोर्डाचे अर्ज भरायला सुरुवात होते. ज्यांना अर्ज लिहायला जमत नाही त्यांनी अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा कॉलेजात शिकणाऱ्या शेजारच्या मुलीची मदत घ्या, वरचा मजकूर त्यांना मोबाईलवर दाखवला तरी पुरे.